एक भागाकार, एक गुणाकार

गिझरच्या पोटावर एक स्टिकर असतो : २३० व्होल्ट, २००० वॅट. आतली कॉइल टाकीत बंद; वापरणाऱ्याने ती जन्मात पाहिलेली नसते. तरी एकही स्क्रू न काढता तिचा रोध सांगता येतो. २००० ला २३० ने भागा : ८.७ अँपिअर करंट. आता २३० ला ८.७ ने भागा : सुमारे २६ ओहम. गिझरला १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग का लागतो, तेही यातच आलं.

व्होल्टेज आणि करंट हाती असले की त्यांचा भागाकार म्हणजे रोध आणि गुणाकार म्हणजे शक्ती. प्राथमिक शाळेतली आकडेमोड. पण एकाच जोडीतून इतक्या वेगळ्या जातीची उत्तरं निघावीत, याचं मला अजून नवल वाटतं. भागाकार तारेचा स्वभाव सांगतो; ती कोणत्या धातूची, किती लांब, किती बारीक, हे सगळं त्या एका आकड्यात मुरलेलं असतं. गुणाकार तिचं काम सांगतो : दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते आहे.

आता जुना, पिवळ्या उजेडाचा ६० वॅटचा बल्ब घ्या. करंट ०.२६ अँपिअर, रोध जवळजवळ ८८० ओहम. म्हणजे गिझरच्या कॉइलच्या ३३ पट! जी तार जास्त अडवते ती जास्त ऊर्जा खाईल, असं मनाला वाटतं. घरात उलटं घडतं, कारण घरात व्होल्टेज ठरलेलं असतं. अडवणूक वाढली की करंटच घटतो आणि गुणाकार लहान होतो.

तोच बल्ब होल्डरमधून काढा, गार होऊ द्या आणि मल्टिमीटर लावा. आकडा येतो साठ-सत्तर ओहमच्या आसपास. मीटर बिघडलेला नसतो, हिशेबही चुकलेला नसतो. पेटल्यावर आतली टंगस्टनची तार सुमारे २५०० अंश सेल्सिअसला पोचते. त्या तापमानाला धातूचे अणू इतके थरथरतात की इलेक्ट्रॉनांची वाट पावलोपावली मोडते आणि रोध दहापटीहून जास्त वाढतो. म्हणजे बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी, तार गार असताना, तिच्यातून साडेतीन अँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो. ६० वॅटचा बल्ब डोळ्याची पापणी लवायच्या आत ८०० वॅट गिळून मग सावरतो. असे बल्ब बहुधा लावतानाच का उडत, याचं हे उत्तर. (हा सरळ गुणाकार गिझर-बल्बपुरता. पंखा आणि फ्रिज यांच्यात गुंडाळ्या असतात, तिथे व्होल्टेज आणि करंट एका तालात चालत नाहीत, त्यांचा गुणाकार थोडा कापून घ्यावा लागतो.)

भागायला हवं हे कळायला मात्र १८२६ साल उजाडलं. गेऑर्ग झिमोन ओहम हा एर्लांगेनच्या एका कुलूपवाल्याचा मुलगा, कलोनच्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणारा मास्तर. व्होल्ट, अँपिअर ही एककं तेव्हा जन्मायची होती. त्या काळच्या बॅटऱ्या जोडल्याजोडल्या ढेपाळत. त्यांच्या भरवशावर त्याने १८२५ मध्ये छापलेलं सूत्र चुकलं. मग पोगेनडॉर्फ या संपादकाने सुचवलं की बॅटरी सोडून दोन धातूंचे सांधे वापर. ओहमने बिस्मथ आणि तांबं जोडलं, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा वितळत्या बर्फात. मिळालं ते व्होल्टेज अगदीच क्षीण, पण जागचं न हलणारं, कारण पाणी आणि बर्फ आपापलं तापमान सोडत नाहीत. वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक लावून, टांगलेल्या चुंबकसूचीला किती पीळ द्यावा लागतो यावरून त्याने करंट मोजला. माझ्या मते सूत्रापेक्षा ही युक्ती थोर आहे. जर्मनीत सुरुवातीला फारशी दाद मिळाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोपली पदक दिलं.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जूलने तारेतली उष्णता मोजली आणि ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असं दाखवलं. आपल्या दोन क्रिया एकात एक घातल्या की हेच निघतं : शक्ती म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. व्होल्टेजकडून पाहिलं तर व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. म्हणून व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं, म्हणजे जेमतेम २२ टक्के पडलं, तरी तो २००० वॅटचा गिझर सुमारे १२२५ वॅटवर उतरतो. पाणी तापायला लागणारा वेळ दीडपटीहून जास्त होतो.

या वर्गाचा खरा पराक्रम पाहायचा तर चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्याला येणारी वाहिनी पाहावी. सुमारे साडेसातशे किलोमीटर लांब, एकदिश प्रवाहाची, एक तार अधिक ५ लाख व्होल्टवर, दुसरी उणे ५ लाखांवर. क्षमता १५०० मेगावॅट. दोन तारांत १० लाख व्होल्टचं अंतर, म्हणून भागाकार सोपा : करंट फक्त १५०० अँपिअर. हीच शक्ती २३० व्होल्टवर पाठवायची म्हटली तर ६५ लाख अँपिअर लागतील, म्हणजे सुमारे ४३५० पट. आणि त्याच तारांत वाया जाणारी उष्णता, वर्गाच्या हिशेबाने, जवळजवळ १ कोटी ९० लाख पट.