वाद्याचा अधिकार : स्त्री-वादकांची वाट आणि कोल्हापूरचा संगीतवारसा

अनेक वादकांनी एकत्र बसून एका संगीतरचनेचा आविष्कार घडवावा, अशा समूहाला वाद्यवृंद म्हणतात. पाश्चात्त्य अभिजात संगीतात हा समूह शंभराच्या घरात जातो. हिंदुस्थानी मैफलीत तो गायक किंवा मुख्य वादक, तबलजी, सारंगी अथवा हार्मोनियमचा साथीदार आणि तानपुऱ्याची जोडी एवढ्यावरच भागतो. समूह लहान असो वा मोठा, त्यात कोणी बसावे हे केवळ कौशल्यावर ठरत आले आहे असे मात्र इतिहास सांगत नाही. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील वाद्यवृंदांची दारे स्त्रियांना खुली व्हावीत म्हणून दीर्घ लढा झाला. त्याच शतकात कोल्हापूरच्या परिसरात स्त्रियांनी अभिजात गायनाचे शिखर गाठले. वाद्यांच्या बाबतीत मात्र त्यांना फार उशिरा स्थान मिळाले. या दोन इतिहासांचा एकत्र विचार केला असता भेदभावाचे स्वरूप आणि त्यावरचा उपाय दोन्ही स्पष्ट होतात.

प्राचीन आधार

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले आहेत. तारांची ती तत, चामड्याने मढवलेली ती अवनद्ध, धातूची आघातवाद्ये ती घन आणि फुंकून वाजवायची ती सुषिर. वादकांच्या समूहासाठी त्याच ग्रंथात ‘कुतप’ ही संज्ञा येते. या चारही वर्गांतील कोणतेही वाद्य स्वभावतः पुरुषाचे किंवा स्त्रीचे नाही, याची साक्ष महाराष्ट्रातील लेणी देतात. औरंगाबादच्या सातव्या क्रमांकाच्या लेण्यात एक नर्तिका कोरलेली असून तिच्याभोवती सहा वादिका बसल्या आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रातही नर्तिकेला साथ करणाऱ्या स्त्रियाच आहेत. त्यांच्या हाती बासरी आहे आणि तालवाद्येही आहेत.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्यात वृंदाचे उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे भेद सांगितले आहेत. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ समगायक, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक असावेत, असे हे गणित आहे. या रचनेत स्त्रियांची संख्या मोठी आहे, पण त्यांची गणना गायिका म्हणून केली आहे. कंठ स्त्रीचा आणि वाद्य पुरुषाचे ही पुढे रूढ झालेली विभागणी या यादीत आधीच दिसू लागते.

भेदाचे तीन प्रकार

वाद्यसंगीतातील लिंगभेदाचे तीन प्रकार करता येतात. समूहात स्त्रीला घ्यायचेच नाही, हा पहिला. त्याला प्रवेशभेद म्हणू. प्रवेश द्यायचा, पण ठरावीक वाद्यांपुरताच, हा दुसरा; तो वाद्यभेद. पश्चिमेत स्त्रीच्या हाती हार्प शोभते असे मानले गेले, पण पितळी वाद्ये व मोठे ढोल तिला जड समजले गेले. आपल्याकडे तानपुरा आणि सतार घरंदाज मुलीला चालत. तबला, पखवाज आणि सारंगी चालत नसत. तिसरा प्रकार स्थानभेद. यात वाद्य हाती येते, परंतु मानाची जागा मिळत नाही.

स्थानभेदाच्या बाबतीत पूर्व आणि पश्चिम यांत मोठा फरक आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात स्त्रीला नेतृत्वाची जागा सर्वांत शेवटी मिळाली. हिंदुस्थानी मैफलीत मधली, मानाची बैठक गायिकेकडे केव्हाच आली होती; तिच्या उजव्या-डाव्या हाताला बसणारे साथीदार मात्र पुरुषच राहिले.

पश्चिमेतील लढा

लंडनमध्ये हेन्री वुड यांनी १९१३ साली क्वीन्स हॉलच्या वाद्यवृंदात सहा स्त्रियांना घेतले. प्रवेशभेदाला गेलेला हा सुरुवातीचा मोठा तडा होता. १९५२ साली अमेरिकेतील बॉस्टन सिंफनीने उमेदवाराला पडद्याआड बसवून त्याचे वादन ऐकण्याची पद्धत अवलंबिली. परीक्षकांनी केवळ नाद ऐकावा, व्यक्ती पाहू नये, हे तिचे तत्त्व आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ही पद्धत अमेरिकेत सर्वत्र पसरली.

या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ॲबी कोनंट या ट्रॉम्बोनवादिकेच्या उदाहरणातून कळते. १९८० साली म्यूनिक फिलहार्मोनिकने पडद्याआड घेतलेल्या चाचणीत तेहतीस उमेदवारांत तिची निवड झाली. चाचणीचे निमंत्रण तिला पुरुष समजून धाडलेले होते. पुढे संगीत-संचालक सर्जिउ चेलिबिदाके यांच्या कारकिर्दीत तिला प्रमुख वादकाच्या जागेवरून खाली आणले गेले. न्यायालयात वर्षानुवर्षे झगडून तिने ती जागा आणि नंतर समान वेतन मिळवले. पडदा चाचणीपुरता असतो. निवड झाल्यावर रोजच्या कामातला भेद तो थांबवू शकत नाही.

बर्लिन फिलहार्मोनिकने १९८२ साली मादलेन कारुझो या व्हायोलिनवादिकेला घेऊन प्रथमच स्त्रीला सदस्यत्व दिले. १८४२ साली स्थापन झालेल्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकने मात्र आपला पुरुषी बाणा १९९७ पर्यंत सोडला नाही. ॲना लेल्केश ही हार्पवादिका १९७१ पासून तेथे वाजवीत होती, पण ती सदस्य नव्हती. कोनंट यांचे पती, संगीतकार विल्यम ऑस्बर्न यांनी या भेदाविरुद्ध सातत्याने लिहिले. संगीतक्षेत्रातील स्त्रियांच्या संघटनांनी वाद्यवृंदाच्या अमेरिका दौऱ्यात निदर्शने करण्याचा इशारा दिला. दौऱ्याच्या तोंडावर, २७ फेब्रुवारी १९९७ रोजी, स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा ठराव झाला आणि लेल्केश पहिली सदस्य ठरली. आल्बेना डानाइलोवा ही तेथील पहिली स्त्री प्रमुख व्हायोलिनवादक झाली, तीही त्यानंतर एका तपाहून अधिक काळाने.

अमेरिकेतील पाच अग्रगण्य वाद्यवृंदांत १९७० साली स्त्रियांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी होते. नव्वदच्या दशकाअखेर ते पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेले. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउस या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वाढीतील काही वाटा पडद्याला दिला आहे. त्यांच्या आकडेवारीच्या भक्कमपणाबद्दल पुढे आक्षेपही घेतले गेले. तरीही निवड करणाऱ्याच्या डोळ्यांवर अंकुश हवा, हे तत्त्व आज बहुतेक वाद्यवृंदांनी मान्य केले आहे.

कोल्हापूर : कंठाला मिळालेले दार

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादियाखाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूर दरबारात आले आणि १९२२ साली महाराजांचे निधन होईपर्यंत येथे राहिले. जयपूर-अत्रौली गायकी महाराष्ट्रात रुजली ती या वास्तव्यामुळे. १८८३ साली स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबसारख्या संस्थेने शहरात जाणकार श्रोता घडवला. तथापि त्याच काळातील संगीत रंगभूमीवर स्त्रीचे गाणेही पुरुषाच्या गळ्यातून येत असे. कोल्हापूरचे केशवराव भोसले बालवयात ‘शारदा’च्या भूमिकेत गाजले, ते याच प्रथेतून.

अल्लादियाखाँच्या गायकीला अखिल भारतीय कीर्ती मिळवून देण्यात स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर बालपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीमखाँकडे शिकल्या आणि १९२१ पासून अल्लादियाखाँच्या शिष्या झाल्या. १९७७ साली अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांतील ध्वनिमुद्रिकेत त्यांची भैरवी आहे. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकरांची तालीम अनेकदा खंडित झाली, तरी त्यांनी तीच गायकी आत्मसात केली आणि कन्या किशोरी आमोणकर यांच्याकडे सोपवली. या दोघी कलावंत घराण्यांतून आल्या होत्या. गाणे हा त्या समाजातील स्त्रियांचा वारसा होता आणि त्याची किंमत त्यांनी सामाजिक अवहेलनेच्या रूपाने मोजली होती.

१९२७ साली कोल्हापुरात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी यांची वाट वेगळी होती. ब्राह्मण कुटुंबातील मुलीने खाँसाहेबांकडे तालीम घेणे त्या काळी सोपे नव्हते. वडील पाठीशी उभे राहिले, म्हणून त्या नत्थनखाँ आणि नंतर अल्लादियाखाँचे पुत्र भूर्जीखाँ यांच्याकडे शिकू शकल्या. पुढे लक्ष्मीबाई जाधव आणि अखेरीस केसरबाई यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. गुरूच्या घराचे दार जातीच्या आणि लिंगाच्या पलीकडे उघडले तर काय घडते, याचे हे कोल्हापुरातील ठळक उदाहरण आहे.

वाद्यभेदाचे मूळ

मग साथीच्या वाद्यांच्या बाबतीत असे का घडले नाही? तबला, पखवाज आणि सारंगी यांची विद्या व्यावसायिक वादकांच्या कुटुंबांत बापाकडून मुलाकडे किंवा पुतण्याकडे जात असे. तालीम म्हणजे गुरूच्या घरी राहणे, अनेक तासांचा रियाज, गुरूबरोबर रात्रीअपरात्रीचा प्रवास आणि परक्या गायकाच्या बैठकीत हजेरी. मुलीला यांपैकी एकही गोष्ट खुली नव्हती. शिवाय सारंगी-तबल्याचा संबंध कोठीवरच्या गाण्याशी जोडला गेल्याने मध्यमवर्गाने ही वाद्ये मुलींपासून दूर ठेवली. गाणे आईकडून मुलीला मिळू शकत होते. वाद्य मात्र बापाच्या हाती होते आणि त्याने ते मुलाला दिले.

ज्या स्त्रिया पुढे आल्या त्यांचे मार्ग पाहिले की हे कारण पटते. सूरबहारवादिका अन्नपूर्णादेवींना वडील अल्लाउद्दीनखाँ यांनी शिकवले. मुंबईत राहून त्यांनी हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे शिष्य घडवले. व्हायोलिनवादिका एन. राजम यांचे आद्य गुरू त्यांचे वडीलच. पंडित रामनारायण यांनी सारंगी कन्या अरुणा नारायण यांच्या हाती दिली. या तिघींचेही वडील गुरू होते, हा योगायोग मानता येत नाही. घराबाहेरून आलेल्या स्त्रियांत मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांचे नाव अग्रभागी आहे. अमीरहुसेनखाँ यांच्याकडे तबला शिकून त्यांनी स्वतंत्र तबलावादन केले आणि पखवाज-तबल्याच्या घराण्यांवर संशोधनग्रंथ लिहिला. सरोदवादिका झरीन दारूवाला-शर्मा यांनी मैफलीबरोबरच हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांतही दीर्घकाळ वादन केले.

दार उघडणारी साधने

यावरून एक निष्कर्ष निघतो. पश्चिमेत भेद निवडीच्या चाचणीत होता, म्हणून तेथे पडदा उपयोगी पडला. आपल्याकडे तो तालमीच्या उंबरठ्यावर होता. जिला शिकवलेच नाही, तिला पडद्याआड बसवून काय मिळणार? म्हणून येथील पहिले साधन शाळा हेच ठरले. आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ठरावीक अभ्यासक्रम, शुल्क, वर्ग आणि परीक्षा या चौकटीमुळे वाद्यशिक्षण घराण्याच्या उंबरठ्याबाहेर आले. पुढे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांतून तबल्याची ‘विशारद’ ही पदवी मुलीलाही मिळू लागली. शिवाजी विद्यापीठाच्या संगीत व नाट्यशास्त्र विभागाने ही वाट कोल्हापुरात उच्च शिक्षणापर्यंत नेली.

दुसरे साधन आकाशवाणीचे. तिचा आरंभीचा इतिहास मात्र उजळ नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास, ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा कलाकारांना नभोवाणीवर स्थान नाही, असे धोरण आखले गेले आणि त्याची झळ व्यावसायिक गायिकांना बसली. पुढे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना श्रेणी-चाचणीची पद्धत रूढ झाली. समितीने कलाकाराला न पाहता, नावही न कळता, फक्त कानांनी ऐकून श्रेणी द्यायची, हे तिचे सूत्र. गळा ऐकताच गायक स्त्री की पुरुष हे कळते. तबल्यावरचा ‘धा’ कोणाच्या हाताचा हे कळत नाही. त्यामुळे ही पद्धत स्त्री-वादकांना विशेष न्याय देणारी आहे.

तिसरे साधन स्त्रियांचे स्वतंत्र समूह. उस्ताद अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांच्या शिष्या अनुराधा पाल यांनी १९९६ साली ‘स्त्री शक्ती’ हा स्त्री-वादकांचा समूह उभा केला. दक्षिणेत घटमवादिका सुकन्या रामगोपाल यांनीही असा प्रयोग केला. काही पुरुष मृदंगवादकांनी त्यांच्याबरोबर बसण्यास नकार दिला होता, ही त्यामागची पार्श्वभूमी. असे समूह संधी निर्माण करतात आणि श्रोत्यांच्या डोळ्यांना सवय लावतात. पण मिश्र मैफलीत सहज बोलावणे येणे हेच अंतिम साध्य मानले पाहिजे.

पुढील कर्तव्य

आज तबल्याच्या वर्गात मुली दिसतात, परीक्षाही देतात. साथीच्या बैठकीवर मात्र त्या अजून क्वचितच आढळतात. म्हणजे तालमीचे दार उघडले असून मैफलीचे दार अर्धवट मिटलेले आहे. साथीदाराची निवड आपल्याकडे चाचणीने होत नाही. ती मुख्य कलाकाराच्या पसंतीने आणि आयोजकाच्या ओळखीने होते. त्यामुळे जबाबदारीही या दोघांचीच आहे. ज्या कोल्हापूरने अल्लादियाखाँची विद्या स्त्रियांच्या कंठात प्रतिष्ठित होताना पाहिली, तेथील संगीत-मंडळांनी वर्षाच्या कार्यक्रमांत स्त्री-साथीदारांना नियमाने बोलवावे, त्यांना पुरुष साथीदारांइतकेच मानधन द्यावे आणि निमंत्रणपत्रिकेवर त्यांचे नाव ठळक छापावे. गुरुजनांनीही ‘विशारद’ झालेल्या विद्यार्थिनीला आपल्याबरोबर बैठकीत बसवावे. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या हाताला मैफलीत जागा मिळेल, तेव्हाच पलुस्करांनी सुरू केलेले काम पूर्ण झाले असे म्हणता येईल.