शंभरची बाटली

हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करण्याची कृती रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असते. ते टिकवण्याची कृती मात्र परीक्षेत क्वचितच विचारली जाते, आणि महाडच्या एका महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हे दुसरे, अधिक चिकाटीचे काम परिचराच्या वाट्याला आलेले दिसते.

फ्रेंच रसायनज्ञ थेनार याने 1818 मध्ये बेरियम पेरॉक्साइडपासून हे द्रव्य प्रथम मिळवले. आज पाठ्यपुस्तकात येणारी कृती त्याच वाटेने जाते : बर्फात गार केलेल्या विरल सल्फ्युरिक आम्लात सजल बेरियम पेरॉक्साइड थोडे थोडे घातले की बेरियम सल्फेटचा पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, तळाशी बसतो आणि वरचे द्रावण गाळून घेता येते. निर्जल पेरॉक्साइड वापरल्यास तोच साका कणांवर थर धरतो आणि अभिक्रिया अडते. हे सारे वहीपुरते. बाटली विकतच येते.

परिचर तिला ‘शंभरची’ म्हणतो. शंभर व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर द्रावणाचे पूर्ण विघटन झाल्यास प्रमाण तापमान व दाबाला शंभर लिटर ऑक्सिजन सुटेल इतकी तीव्रता, टक्केवारीत सुमारे 30. औषधाच्या दुकानातले जखम धुण्याचे द्रावण याच मापाने अवघे दहाचे. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पन्नास लिटर वायू दबा धरून असल्याने तिच्या झाकणाला वायू निसटण्याची वाट ठेवलेली असते, आणि ती बाटली आडवी ठेवणे हा या खोलीतला मोठा गुन्हा ठरतो. धूळ, गंजाचा कण, काचेतला अल्कांश, यांपैकी काहीही विघटनाला पुरते. म्हणून बाटली अपारदर्शक पॉलिथिलीनची, द्रावणात किंचित स्थिरक, म्हणजे विघटन मंदावणारे द्रव्य, आणि एकदा ओतलेला थेंब पुन्हा आत जात नाही.

परिचराच्या बोटांच्या टोकांवर पांढरे चट्टे दिसतात. तीव्र पेरॉक्साइड कातडीला लागले की असे होते. हातमोजे आहेत, पण ते आधी विद्यार्थ्यांना पुरवले जातात, ही व्यवस्था कोणाला खटकत नाही हेच खटकणारे आहे. जुन्या बाटलीची तीव्रता पोटॅशियम परमँगनेटच्या अनुमापनाने, म्हणजे ज्ञात तीव्रतेचे द्रावण मोजून घालत, तपासली जाते. लेबलावर शंभर असले तरी आकडा खाली आलेला असतो, आणि तो पेन्सिलीने लेबलावर लिहिला जातो.

संक्षारक द्रव्ये डोळ्यांच्या पातळीखालील फळीवर ठेवावीत, असा सर्वमान्य नियम आहे. पण महाबळेश्वरचा पाऊस पोलादपूरवरून सावित्रीतून महाडात उतरतो, आणि 22 जुलै 2021 च्या पुरात शहराची बाजारपेठ बुडाली होती. त्यामुळे जून लागला की शंभरची बाटली वरच्या मजल्यावरच्या खोलीत, तिथल्या सर्वांत खालच्या फळीवर जाते; या हलवाहलवीची नोंद परिचराच्या स्वतःच्या वहीत असते, विभागाच्या साठा-नोंदवहीत त्यासाठी रकानाच नाही.