वाट कोण दाखवतं?

गौरी-गणपती उरकले, पाऊस परतीला लागला, की पोरांनो, एखाद्या सकाळी चाकणच्या कुठल्यातरी कारखान्याच्या आवारात, ट्रक धुतल्याचं पाणी साचलेलं असतं ना, तिथं एक सडपातळ पाखरू तुरुतुरु धावताना दिसतं. पाठीला करडं, पोटाला पिवळं. चार पावलं धावायचं, थबकायचं, लांब शेपटी वर-खाली हलवायची आणि पुन्हा धावायचं. हा करडा धोबी. रात्रपाळी संपवून डोळे चोळत निघालेल्या माणसांच्या पायांमधून तो माश्या टिपत फिरतो आणि कुणाचं लक्षही जात नाही. चाकण म्हणजे कांदा, ज्वारी आणि बैलबाजार, एवढंच होतं तेव्हा आमच्या वस्तीवरची एक म्हातारी तो दिसला की सुनेला हाक मारून सांगायची, "धोबी आला गं, कांद्याच्या रोपाचं बघा आता." पंचांग तिला वाचता येत नव्हतं, पण धोब्यावर तिचा भरवसा होता.

आता बघा, हे पाखरू भरतं किती, तर २० ग्रॅमच्या आसपास. उन्हाळा काढतं हिमालयातल्या नाहीतर त्याच्याही पलीकडच्या ओढ्यांकाठी, पिल्लं तिकडेच वाढवतं आणि दिवस आखडू लागले की दक्षिणेची वाट धरतं. बरं, येतं तेही भलतीकडे नाही. मुंबईत एका लहानशा हिरवळीवर पायात वळं घातलेला करडा धोबी पुढं वर्षामागून वर्ष सप्टेंबरात नेमका त्याच हिरवळीवर हजर व्हायचा, असं सलीम अलींनी नोंदवलंय. एवढा हिमालय ओलांडायचा, अर्धा देश पालथा घालायचा आणि उतरायचं कुठं, तर त्याच चार हात गवतावर!

त्याला वाट कोण दाखवतं, हे कोडं माणसाला फार जुनं. हॉलंडमध्ये पर्डेक नावाच्या शास्त्रज्ञानं ते सोडवायला एक अजब उद्योग केला. वाटेवर असलेल्या सुमारे ११,००० युरोपीय मैना त्यानं पकडवल्या, पायात वळी घातली आणि विमानात बसवून थेट स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. त्यांचं नेहमीचं हिवाळी घर इंग्लंड आणि उत्तर फ्रान्सकडे. जुन्या-जाणत्या मैनांनी ओळखलं की आपण भलत्या मुलखात आलोय. त्यांनी तोंड वळवलं आणि नेहमीच्या ठिकाणाकडे निघाल्या. पण त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं? ती हॉलंडहून ज्या दिशेला जायची, त्याच दिशेला स्वित्झर्लंडहूनही गेली आणि पोचली स्पेनकडे. १९५८ साली हे छापून आलं तेव्हा एक गोष्ट पक्की झाली, की पिल्लू कुठल्या दिशेला उडायचं ते जन्मतःच घेऊन येतं आणि मुक्काम कुठं आहे ते एकदा जाऊन आल्यावर शिकतं. दिशा धरायला सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व असं सगळं पाखरांच्या कामी येतं.

हंसांची रीत मात्र निराळी. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंस मंगोलिया-तिबेटाकडून येतो तो कुटुंबकबिला घेऊन, आणि पिल्लं आईबापांच्या सोबतीनं वाट शिकतात. हिमालय ओलांडताना त्याच्या पाठीवर यंत्र बांधून मोजलं, तर एकदा ७,२९० मीटर उंची भरली. तिथं हवा इतकी विरळ, की आपल्याला चार पावलं टाकताना धाप लागावी. पण त्याचं रक्त त्या विरळ हवेतूनही प्राणवायू ओढून घेतं. तरी उगाच उंच राहत नाही हो गडी! डोंगर चढला की चढतो, दरी आली की खाली उतरतो, जमिनीच्या अंगाअंगानं जातो, कारण खाली दाट हवेत पंख मारायला कष्ट कमी.

हे हंस बघायचे तर भिगवणला, उजनीच्या पाण्यावर. लांब वाटेल, पण ते पाणी आपलंच. पवना दापोडीला मुळेत मिळते, मुळा-मुठा पुढं भीमेला. चाकणजवळची भामाही भीमेतच उतरते आणि देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला तिला मिळते. आपल्या दारातून गेलेलं सगळं उजनीत साठतं आणि मंगोलियाचा पाहुणा त्यात पोहतो. म्हणून आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस बघितला की जीव तुटतो माझा.

थापट्या बदकाचं त्यातल्या त्यात निभावतं. चोच फावड्यासारखी रुंद, कडांना आतून बारीक दातेरी झालर. पाणी आत घ्यायचं, कडेनं सोडायचं, किडामुंगी आत राहते. हिवाळ्यात कवडीपाटला जा आणि दहा-वीस थापट्या मळणीच्या बैलांच्या पातीसारखे गोल गोल फिरताना बघा. पुढच्यानं पाय मारून गाळ ढवळायचा आणि मागच्यानं त्यात चोच घालायची. तासभर बघत राहिलात तरी मन भरणार नाही. पण थापट्या वाढले म्हणून नदी सुधारली असं कुणी सांगितलं तर मानू नका. सांडपाण्यातही त्याचं पोट भरतं. पाखरांना जागा करून द्यायची असेल तर मन मोठं लागतं. सुमंत मुळगावकरांनी पिंपरीच्या माळावर टेल्को उभी केली तेव्हा झाडं लावली, तळंही केलं, आणि कारखान्याच्या कुंपणाआत पाणपक्षी उतरू लागले. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात एक सकाळ तरी नदीकाठी काढा.

मार्च-एप्रिलात ही मंडळी परततील आणि जूनमध्ये उलट बाजूनं, आफ्रिकेकडून, समुद्र ओलांडून चातक येईल. त्याची मादी अंडं घालते सातभाईंच्या घरट्यात. ते पिल्लू सातभाई वाढवतात आणि सातभाई तर आपला माळ सोडून कुठं जात नाहीत. ज्याला आईबापाचं तोंडही ठाऊक नाही असं ते पोर पावसाळा संपला की एक दिवस उठतं आणि एकटंच आफ्रिकेला निघतं.