आधी न्हाणीघर, मग घर

घर बांधायला काढलं की आपल्याकडे आधी काय होतं? बाहेरची खोली, स्वयंपाकघर. न्हाणीघराचं नंतर बघू! आज मी तुम्हाला युरोपात उत्तरेकडच्या फिनलंड देशातली उलटी रीत सांगणार आहे.

तिथे हिवाळ्यात सगळीकडे बर्फ असतो. नव्या जमिनीवर संसार मांडणारं कुटुंब पूर्वी बऱ्याचदा पहिल्यांदा लाकडी ओंडक्यांचं छोटं न्हाणीघर बांधायचं. त्याला म्हणतात सौना. मोठं घर उभं राहीपर्यंत मंडळी त्यातच राहायची.

आता ते बांधायचे कसे ते ऐका. पाइनची सरळ झाडं हिवाळ्यात तोडायची आणि घोड्याच्या घसरगाडीवरून बर्फातून ओढून आणायची. जमिनीची ओल लागू नये म्हणून पहिला ओंडका दगडांवर ठेवायचा. मग एकावर एक आडवे ओंडके रचायचे. कोपऱ्यावर कुऱ्हाडीने खाच पाडून एक ओंडका दुसऱ्यात बसवायचा, म्हणजे खिळ्यांची गरज नाही. वरच्या ओंडक्याला खालून लांब खोबण कोरायची आणि मधल्या फटीत जंगलातलं शेवाळ दाबून भरायचं. वारा आत येत नाही. लाकूड वाळलं की भिंत थोडी खाली बसते, म्हणून दार-खिडकीच्या वर मुद्दाम जागा सोडायची. ओंडके जड, तेव्हा शेजारीपाजारी मदतीला यायचे आणि घरधनीण सगळ्यांना जेवू घालायची. आपल्या इरजिकीसारखंच की!

आत दगड रचलेली चूल असे, पण जुन्या सौनाला धुराडं नसे. काही तास जाळ करून दगड तापवायचे. जाळ विझला, धूर बाहेर गेला, की मगच आत जायचं. तापल्या दगडांवर पाणी टाकलं की वाफ उठते. तीच त्यांची आंघोळ. याच खोलीत मांस धुरवायचे, धान्य वाळवायचे.

आणि बायांनो, याच खोलीत बाळंतपणं व्हायची. गावातली ही सगळ्यात ऊबदार आणि स्वच्छ जागा. गरम पाणी हाताशी, चार लोकांची ये-जा नाही, सोबतीला जाणत्या बाया. माणूस गेलं तर त्याला शेवटची आंघोळही इथेच घालत.

पुढे काळ बदलला. १९३८ पासून तिथलं सरकार गरीब घरच्या आयांना बाळाच्या कपड्यांची पेटी देऊ लागलं. १९४९ पासून ती सगळ्याच आयांना मिळू लागली, पण अट एकच: चौथा महिना संपायच्या आत तपासणी करून घ्यायची. हळूहळू बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. सौना मात्र राहिला. आज साधारण ५५ लाख वस्तीच्या त्या देशात तीस लाखांच्या आसपास सौना आहेत आणि २०२० साली युनेस्कोने ही परंपरा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

आपल्याला ओंडक्यांची घरं बांधायची नाहीत, आणि बाळंतपण दवाखान्यातच करायचं. पण घरी आल्यावर बाळंतीण न्हाणार कुठे, उबेला बसणार कुठे? घराचा नकाशा काढताना हा प्रश्न आधी विचारा. पैसे उरले तर नाही, आधी!