सात जागा मजूर पक्षाच्या, चार बाकीच्यांच्या

वेल्सच्या विधिमंडळासाठी 1999 ते 2021 या काळात सहा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यातल्या ‘साउथ वेल्स वेस्ट’ या विभागात सात मतदारसंघ होते: स्वान्सी ईस्ट, स्वान्सी वेस्ट, गावर, नीथ, ॲबरेव्हन, ऑगमोर आणि ब्रिजेंड. सहा निवडणुकांच्या मिळून 42 लढती झाल्या आणि त्या सगळ्या मजूर पक्षाने जिंकल्या. एकेकाळी तांबे गाळणारे स्वान्सी, कोळशाच्या खाणींची खोरी, पोर्ट टॅलबॉटचा पोलाद कारखाना, असा हा कामगारांचा मुलूख. इथे मजूर पक्षाने दगड उभा केला तरी निवडून येईल, असे कुणाला वाटले तर नवल नाही. पण या विभागातून आणखी चार सदस्य निवडून जात, आणि त्या चारांत मजूर पक्षाच्या यादीतला एकही माणूस सहाही निवडणुकांत कधी आला नाही. या मुलखाच्या मतांमध्ये काय घडत होते, हे सात जागांपेक्षा त्या चार जागांवरून जास्त कळते. आणि त्या चारच होत्या, हे मुद्दाम ठरवलेले होते, असे माझे म्हणणे आहे.

1979 च्या सार्वमतात वेल्सने स्वतंत्र विधिमंडळाची कल्पना झटकून टाकली होती. 1997 साली ती मंजूर झाली, पण 50.3 टक्के मतांनी. होकार आणि नकार यांतले अंतर जेमतेम 6,721 मतांचे. वेल्समध्ये मजूर पक्षाचे इतके वर्चस्व होते की विधिमंडळ म्हणजे त्या पक्षाची कायमची सत्ता, ही भीती इतरांना होती. ती घालवण्यासाठी थोडे प्रमाणशीर प्रतिनिधित्व देऊ केले गेले. 60 पैकी 40 सदस्य आपल्या लोकसभेसारखे, ज्याला सर्वाधिक मते तो विजयी या नियमाने. उरलेले 20 पाच विभागांतून, प्रत्येकी चार, पक्षांच्या याद्यांमधून. विभागांच्या सीमा युरोपीय संसदेच्या जुन्या मतदारसंघांवरून उचलल्या. स्कॉटलंडमध्ये मात्र 129 पैकी 56 जागा यादीच्या होत्या. वेल्सने तडजोड केली, पण हात आखडता ठेवून.

हिशेब 2007 च्या आकड्यांवरून समजून घेऊ. मतदाराला दोन मते असत, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. पक्षाच्या मतांना त्या पक्षाने विभागात आधीच जिंकलेल्या जागा अधिक एक, या संख्येने भागायचे. ज्याचा भागाकार मोठा, त्याला पुढची जागा. त्या वर्षी साउथ वेल्स वेस्टमध्ये मजूर पक्षाला पक्षमते सुमारे 58 हजार, वेल्श राष्ट्रवादी प्लाइड कम्रीला 29 हजारांच्या आसपास, हुजूर पक्षाला 26 हजार आणि लिबरल डेमोक्रॅट्सना 20 हजार पडली. मजूर पक्षाच्या मतांना आठाने भागले की उरतात सात हजारांच्या थोडी वर. शेवटची जागा प्लाइडने आपल्या मतांच्या निम्म्या संख्येवर, म्हणजे चौदा हजारांवर घेतली. मजूर पक्षाला यादीची एक जागा मिळवायची तर मते जवळपास दुप्पट व्हायला हवी होती. उलट अकराही जागा याच सूत्राने मतांप्रमाणे वाटल्या असत्या, तर मजूर पक्षाला पाच आणि इतर तिघांना दोन-दोन मिळाल्या असत्या. प्रत्यक्षात झाले सात, दोन, एक, एक. दुरुस्ती झाली, पण अर्धवट; चार जागांत त्याहून जास्त होण्यासारखे नव्हतेच.

तरीही त्या चार जागा हलत राहिल्या. 1999 आणि 2003 मध्ये प्लाइडचे दोन, हुजूर एक, लिबरल डेमोक्रॅट एक. 2011 मध्ये हुजूर पक्षाने दोन घेतल्या. 2016 मध्ये लिबरल डेमोक्रॅट पीटर ब्लॅक सतरा वर्षांनी बाहेर पडले आणि युरोपीय संघ सोडा म्हणणाऱ्या युकिप पक्षाच्या कॅरोलिन जोन्स आत आल्या. निवडणुकीच्या तोंडावर टाटा स्टीलने, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे हाउसशी जोडलेल्या कंपनीने, ब्रिटनमधला व्यवसाय विकायला काढल्याचे जाहीर केले होते. पोर्ट टॅलबॉट अस्वस्थ होते, तरी ते ज्यात येते त्या ॲबरेव्हनची जागा मजूर पक्षाकडेच राहिली. वाऱ्याची दिशा दिसायची ती यादीतच. ब्रिटिश संसदेच्या निवडणुकांत तर 2015 मध्ये गावर 27 मतांनी आणि 2019 मध्ये ब्रिजेंड हुजूर पक्षाकडे गेले. विधिमंडळात त्या दोन्ही जागा मजूर पक्षानेच राखल्या.

यावर पहिला आक्षेप असा, की मजूर पक्षाने प्रत्येक जागा रीतसर जिंकली, मग तक्रार कशाची? तक्रार एकेका विजयाबद्दल नाहीच. विरोधी मते तीन पक्षांत विखुरलेली असताना एकेक योग्य निकाल मिळून अयोग्य बेरीज होते. दुसरा आक्षेप बोचरा आहे: यादीतले सदस्य म्हणजे मागच्या दाराने आलेले पराभूत. 2003 मध्ये उत्तरेकडच्या क्लूइड वेस्टमध्ये हरलेले तिघे यादीतून सभागृहात पोहोचले. त्यावरून इतका गदारोळ झाला की 2006 च्या कायद्याने दोन्हीकडे उभे राहण्यास बंदी घातली. 2014 मध्ये ती उठली. ही बंदी चुकीचीच होती. ज्या मतदारांचा आवाज पहिल्या मतमोजणीत गळून पडला, त्यांनाही कुणीतरी हवे, यासाठीच तर यादी असते. मात्र यादीचा दोष मी नाकारत नाही. गावरमधून खासदार झालेल्या बायरन डेव्हिस यांची यादीची जागा 2015 मध्ये पोटनिवडणुकीशिवाय डॉ. अल्ताफ हुसेन यांच्याकडे गेली. जोन्स यांनी 2018 मध्ये युकिप सोडला, जागा मात्र त्यांच्याचकडे राहिली. पक्षाला मत दिलेल्या माणसाला दोन्ही वेळा कुणी विचारले नाही.

2024 च्या कायद्याने हे विभागच रद्द केले. 2026 पासून 16 मतदारसंघ, प्रत्येकी सहा सदस्य, एकूण 96, सगळे पक्षांच्या याद्यांमधून. 2017 साली लॉरा मॅकॲलिस्टर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने उमेदवारांना पसंतीक्रम देण्याची पद्धत सुचवली होती. नेत्यांनी ती बाजूला ठेवली आणि पक्षानेच क्रम ठरवलेली बंद यादी घेतली, म्हणजे यादीचा दोष आता सगळ्याच सदस्यांना लागू झाला. साउथ वेल्स वेस्टचे तुकडे चार नव्या मतदारसंघांत गेले, काही ठिकाणी पलीकडच्या ऱ्होंडा किंवा व्हेल ऑफ ग्लॅमॉर्गनला जोडून. मजूर पक्षाची सातपैकी सात ही शक्यता त्याबरोबर संपली. पण सहा जागांत एक पक्की करायला साधारण सातव्या हिश्श्याइतकी मते लागतात, त्याहून कमी मतांवर भरवसा ठेवता येत नाही. 2007 मध्ये लिबरल डेमोक्रॅट्सना इथे आठवा हिस्सा मिळाला होता आणि तेवढ्यावर त्यांची जागा आली होती.