मुंतखबमधला एक शब्द

नांदूरघाटहून केजला जाणारी सकाळची गाडी पकडायची, तर सहरनंतर पुन्हा पाठ टेकायला वेळ उरत नाही. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली नांदूरघाटची एक मुलगी या रमजानमध्ये रोज हेच करते आहे. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे विधी शाखेच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. पुष्कळ मुलं प्रमाणपत्र तेवढं आणतात. हिला मात्र केजच्या एका ज्येष्ठ वकिलांनी पहिल्याच दिवशी एका फाइलीला जुंपलं. प्रकरण अजून संपलेलं नाही, म्हणून माणसांची नावं आणि जमिनीच्या गावाचं नाव इथे दिलेलं नाही.

अशील म्हणजे ऊसतोडीला जाणारं एक जोडपं. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडून जे हाती उरलं, त्यातून त्यांनी तालुक्यातल्याच एका गावाला लागून दोन गुंठे घेतले. खरेदीखत नाही, शंभर रुपयांच्या बाँडवर लिहून घेतलेलं. वर पत्र्याचं घर उभं केलं. आता भिंती पक्क्या करायच्या, तर कर्ज देणारे अकृषिक सनद मागतात.

वरवर पाहता काम सोपं होतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, विकासाच्या नियमांत बसत असेल, तर रहिवासासाठी अकृषिक झाली असं मानलं जातं. रूपांतर कर आणि आकारणी भरायची, सनद घ्यायची. मुलीने भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाचा नकाशा काढला, जागेवर जाऊन टेप धरला. घर २०० मीटरच्या आतच आलं. तिने अर्जाचा मसुदाही करून टाकला.

वकिलांनी तो बाजूला ठेवला. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत फिकट शाईत ‘इनाम’ असा शेरा होता. जमीन वर्ग दोनची असेल तर आधी परवानगी आणि नजराणा लागतो. मग १९५४-५५चं खासरा पत्रक आलं, आणि त्याच्याही मागे निजामी अमलातला मुंतखब. इनामाची चौकशी होऊन अतियात खात्याकडून मिळणारा हा दाखला उर्दूत असतो.

“तुला उर्दू येते ना? मग वाच,” वकील म्हणाले.

तिची दहावी उर्दू माध्यमातून झालेली. तरी पहिल्या दिवशी तिला एक ओळ धड लागली नाही. जुन्या कचेरीतलं लिखाण शिकस्ता वळणाचं. नुक्ते गाळलेले, अक्षरं एकमेकांत गुंतलेली. क्षेत्र आणि आकार ‘रकम’ पद्धतीने लिहिलेले, म्हणजे अंक नव्हेतच, अरबी संख्यावाचक शब्दांची आखडलेली रूपं. साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण कळतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. फसली साल तसं सरकत नाही, कारण ते पिकाच्या हंगामाला आणि सारावसुलीला बांधलेलं. घरी हिजरी कॅलेंडर बघणाऱ्या या मुलीला ते केजच्या कचेरीत पहिल्यांदा भेटलं.

शिकस्ता तिला शिकवला तो या वकिलांनीच. त्यांचे वडील निजामाच्या काळात मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, वकिली करत. हैदराबाद संस्थानात १८८०च्या दशकात फारसी जाऊन उर्दू कारभाराची भाषा झाली आणि १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झालं. मराठवाड्यातल्या त्या पिढीतल्या कितीतरी देशपांडे-कुलकर्ण्यांचं रोजचं लिखाण उर्दूत चाले. ते वाचणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, आणि जमिनीचे कागद मात्र जिथल्या तिथे आहेत.

चार दिवसांनी तिला तो शब्द लागला. ‘मदद माश’ असता तर इनाम एखाद्या घराण्याला चरितार्थासाठी दिलेलं. असली इनामं १९५४च्या कायद्याने संपली आणि जमीन कब्जेदाराकडे गेली. कागदावर होतं ‘खिदमत माश’. म्हणजे मशिदीच्या दिवाबत्तीच्या चाकरीसाठी दिलेली जमीन. धार्मिक संस्थांची इनामं त्या कायद्यातून वगळलेली आहेत. चाकरी करणाऱ्याने जमीन कसावी, उत्पन्नातून दिवा लावावा. विकायचा अधिकार त्याला नाही. वक्फ कायद्यातल्या २०१३च्या दुरुस्तीनंतर तर अशी विक्री मुळातच रद्दबातल ठरते. मराठवाड्यात मंदिरांना आणि मठांनाही अशी इनामं होती, आणि देवस्थानाच्या जमिनीही बाँडवर विकल्या गेल्याच आहेत. विकणारा त्या त्या ठिकाणी बहुधा चाकरी करणाऱ्याचाच वारस असतो.

“आता अशिलाला तूच सांग,” वकील म्हणाले. त्यांनी तो शब्द पहिल्याच दिवशी वाचला असणार, असं तिला तेव्हा वाटलं. तिने विचारलं नाही.

जोडपं आलं तेव्हा असरची नमाज होऊन गेली होती. नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला, “साहेब, हा कागद कुणी मागितलाय का?” कुणीच मागितला नव्हता. पण अर्जासोबत शपथपत्र द्यायचं होतं, आणि जमिनीवर इतर कुणाचा हक्क नाही हे त्यात लिहायचं होतं. वकिलांनी एवढंच सांगितलं, की आपल्याला माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती.

बाई मुलीकडे बघत होत्या. म्हणाल्या, “मशिदीची जमीन म्हणून तू असं म्हणतीस का, पोरी?”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मुलगी म्हणाली, “मावशी, तुम्हाला विकणाराही आमच्यातलाच होता.”

सनदेचा अर्ज गेला नाही. पत्र्याचं घर तूर्त तसंच आहे आणि त्याच्यावर टांगती तलवारही आहे, हे वकिलांनी लपवलं नाही. आता दोन कामं चालू आहेत. विकणाऱ्याकडून पैसे परत मागायचे. आणि छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीच्या आवारातल्या वक्फ मंडळाकडे कुटुंबाची बाजू लेखी मांडायची, की यांनी फसवून काही घेतलं नाही, यांना काढायचंच असेल तर आधी ऐकून घ्या. मंडळ काय म्हणेल, याचा अंदाज वकिलांनी अशिलाला दिलेला नाही, आणि ते योग्यच.

विकणाऱ्याला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा मुलीने केला. तो तिच्या आत्याच्या सासरचा नातलग निघाला. हे तिने वकिलांना आधी सांगितलं आणि मग लिहायला घेतलं. तिने रक्कम आकड्यांत लिहिली होती. वकिलांनी ती अक्षरीही लिहायला लावली, आणि ‘विनंती’ खोडून ‘मागणी’ केलं. इफ्तारला उशीर नको म्हणून तिला लवकर सोडलं, पण जाताना पाकीट पोस्टात टाकायला तिच्याच हाती दिलं. आत्याचा फोन दोनदा येऊन गेला. नोटिशीची पोहोचपावती अजून परत आलेली नाही.