‘पुढे काय येणार?’ एवढंच विचारून थांबू नका. लहान मुलांना पॅटर्न असे शिकवा

बोरिवलीकडे जाणाऱ्या धीम्या लोकलने गोरेगाव सोडलं की डब्यात घोषणा होते: ‘पुढील स्टेशन मालाड’, ‘अगला स्टेशन मालाड’, ‘नेक्स्ट स्टेशन मालाड’. मालाड गेलं की कांदिवलीसाठी पुन्हा तोच क्रम: मराठी, हिंदी, इंग्रजी. रोजच्या प्रवाशांचं तिकडे लक्षही जात नाही. पण चार-पाच वर्षांच्या मुलासाठी हा गणिताचा धडाच आहे.

पॅटर्न म्हणजे नेमकं काय?

ठरावीक क्रमाचा एक गट पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा पॅटर्न तयार होतो. शाळेच्या पुस्तकात याला ‘आकृतिबंध’ म्हणतात. दाराच्या तोरणात झेंडू, झेंडू, आंब्याचं पान. पुन्हा झेंडू, झेंडू, पान. इथे गट तीन वस्तूंचा आहे. हा गट ओळखणं, हाच पॅटर्न शिकण्याचा गाभा. ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही साधे पॅटर्न ओळखणं आणि पुढे नेणं, हे कौशल्य दिलेलं आहे.

गफलत कुठे होते?

बहुतेकदा मुलांना लाल, निळा, लाल, निळा एवढाच सराव दिला जातो. यात मूल ‘आत्ता लाल होता, म्हणजे आता दुसरा रंग’ इतक्याच युक्तीवर बरोबर उत्तर देतं. त्याला गट दिसलेलाच नसतो. लाल, लाल, निळा असा क्रम दिला की ही युक्ती फसते आणि खरी समज कळते.

दुसरी चूक मोठ्यांची. फक्त ‘लाल, लाल, निळा’ दाखवून ‘पुढे काय?’ विचारलं, तर मूल काहीही सांगू शकतं आणि ते चुकीचं ठरत नाही. म्हणून गट निदान दोन-तीनदा पूर्ण दाखवावा.

घरी काय करता येईल?

वेगळं साहित्य विकत आणायची गरज नाही. कपड्यांचे चिमटे, बाटल्यांची झाकणं, चमचे-वाट्या पुरतात. पायऱ्या साधारण अशा:

१. चमचा, चमचा, वाटी अशी रांग मांडा आणि शेजारी तशीच रांग मुलाला मांडायला सांगा.
२. तीच रांग पुढे वाढवायला सांगा.
३. मधली एखादी वस्तू काढून ‘इथे काय होतं?’ विचारा.
४. तोच पॅटर्न आवाजात करा: टाळी, टाळी, चुटकी. वस्तू बदलल्या तरी रचना तीच राहते, हे इथे कळतं.
५. ‘पुन्हा पुन्हा काय येतंय?’ विचारून एका गटाभोवती दोरी ठेवायला सांगा.
६. शेवटी मुलाला स्वतःचा पॅटर्न करू द्या आणि तो तुम्ही ओळखा.

मूल चुकलं तर लगेच उत्तर सांगू नका. रांग सुरुवातीपासून एका लयीत मोठ्याने म्हणायला लावा. पुष्कळदा चूक त्याच्याच कानाला खटकते.

याचा पुढे उपयोग काय?

२ चा पाढा लिहा आणि एककस्थानचे अंक पाहा: २, ४, ६, ८, ०, पुन्हा २, ४, ६, ८, ०. ५ च्या पाढ्यात ५, ०, ५, ०. ज्या मुलाला गट शोधायची सवय आहे, त्याला पाढ्यातही नियम दिसतो. सगळा भार घोकंपट्टीवर राहत नाही.

अमेरिकेत कमी उत्पन्न गटातल्या ५१७ मुलांचा ४ ते ११ या वयात केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी पॅटर्नची समज चांगली असलेल्या मुलांचं गणित पाचवीतही चांगलं असण्याचा कल त्यात दिसला. अर्थात, पॅटर्न शिकवला की गणित आपोआप येईल, असा त्याचा अर्थ नाही.

रोज पाच-दहा मिनिटं पुरेत. ‘पुढे काय?’ विचारून झालं की ‘कशावरून ओळखलंस?’ हेही विचारा. मुलाला गट दिसला की नाही, हे त्या उत्तरातून कळतं.